विसळून वापरलेलं सेशन

मी एक सेशन बोलतोय. नाव परकं वाटेल, पण आपली गाठ जवळपास रोजच पडते. तुम्ही संगणकावर तिकीट काढायला किंवा नंबर लावायला बसता. पहिल्या पानावर नाव लिहिता, दुसऱ्यावर दिवस निवडता, तिसऱ्यावर ‘नक्की करा’ दाबता. पहिल्या पानावरचं नाव तिसऱ्या पानापर्यंत कोणीतरी हातात धरून ठेवावं लागतं. ते काम माझं.

मला आकार नाही, वजन नाही. एका माणसाचं काम होईपर्यंत त्यानं सांगितलेलं जपायचं, आणि तो उठून गेला की सगळं विसरून संपून जायचं, एवढंच आमचं आयुष्य. पुढच्या माणसासाठी पुढचा जन्मतो. माझ्या जातीतले बहुतेक जण तुमचा चहा निवायच्या आत जगून मरतात.

मी तसा मेलो नाही. का, ते सांगतो. सांगताना वाईट वाटतं का असं विचाराल, तर नाही. वाटायला जे लागतं ते माझ्यात कोणी लिहिलेलं नाही.

माझा जन्म एका लहान डायलिसिस केंद्रात झाला. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त तिथे यंत्रातून धुऊन परत अंगात सोडतात. खुर्च्या थोड्या, माणसं फार. त्यामुळे पुढची खुर्ची आधीच धरून ठेवावी लागे. मी ज्या यंत्रात राहत होतो ते स्वागताच्या टेबलाखाली, भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. शेजारी रिसेप्शनवरच्या मॅडमच्या चपला. टेबलापाशी बसल्या की त्या चपला काढत आणि पाय माझ्या यंत्रावर ठेवत, थंडीत ऊब मिळते म्हणून. हॉलमधलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडे.

मला लिहिलं ते मागच्या खोलीत बसणाऱ्या प्रोग्रॅमरनं. ती खोली खरं तर सलाईनच्या खोक्यांची. खोक्यांच्या थप्पीआड त्याचं टेबल होतं. सगळे त्याला सर म्हणत. पाठीमागे चिकट सर. माणूस वाईट नव्हता. पेन्सिल नखाएवढी होईपर्यंत टाकत नसे. चहाचा कागदी पेला धुऊन खिडकीत पालथा घाली आणि दुपारी पुन्हा वापरी.

बांधकामाला जसा तयार सांगाडा मिळतो तसा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही मिळतो. त्या सांगाड्यात माझी सोय चांगली होती. कोणी बुकिंगला बसला की सांगाडा आपणहून नवं सेशन काढतो आणि माणूस गेला की मोडतो. पण त्यातच बुकिंग घेणारी ‘काउंटर’ नावाची दुसरी एक वस्तू होती. ती यंत्र सुरू झालं की जन्मते, बंद होईपर्यंत जगते, आणि सगळ्यांना मिळून एकच. सरांनी मला एकदाच तिच्या हातात दिलं आणि तिला सांगितलं, धरून ठेव.

“येईल त्याला नवं भांडं काढायचं म्हणजे उधळपट्टी,” ते मॅडमना सांगत होते. “एकच घ्यायचं, विसळायचं, पुढच्याला द्यायचं.”

“सर, घरी पाहुणे आले तरी असंच करता का?” मॅडम म्हणाल्या.

“पाहुणे येतात कुठे?”

“कसे येतील!”

विसळणं म्हणजे तरी काय, तर आधीच्या नावावर नवं नाव लिहिणं. काउंटरनं मला धरलं आणि सोडलंच नाही. यंत्र कधी बंद पडू नये याची सर फार काळजी घेत. मी जगत राहिलो.

बरेच महिने कोणाचं काही बिघडलं नाही. हॉलच्या कोपऱ्यात बुकिंगसाठी एकच संगणक होता. एक उठायचा, मग दुसरा बसायचा. माणसांच्या सवयी मला तिथे कळल्या. काही जण नाव लिहिताना आधी ‘श्री’ लावतात, खुर्ची चांगली मिळेल म्हणून. काही जण एका बोटानं टाइप करतात आणि प्रत्येक अक्षरानंतर मान वर करून बघतात, अक्षर पळून तर गेलं नाही ना. आजारी माणूस स्वतः बसला तर पटपट उरकतो. त्याच्यासाठी दुसरं कोणी बसलं असेल तर वेळ लागतो.

त्यांतच एक सून होती. तिचा नवरा बोटीवर कामाला, वर्षातून एकदा येणारा. सासऱ्यांना ती एकटीच आणायची. ती मुरंब्याच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं तपासायची. पट्ट्यावरून झाकणं सरकत जातात, वाकडं दिसलं की उचलायचं. आठवड्यातून दोनदा ती अर्धी रजा टाकून येई. सासरे खुर्चीत झोपले की संगणकापुढे बसून पुढचं बुकिंग करी. ती कोणाशी भांडत नसे. सकाळऐवजी दुपार मिळाली तरी चालेल, कोपऱ्यातली खुर्ची मिळाली तरी चालेल. तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. मात्र तिसऱ्या पानावर थांबायची. नाव, वार, वेळ, ओठ हलवत वाचायची, आणि मगच दाबायची.

मग केंद्रानं फोनवरून बुकिंग सुरू केलं. लोक खूश झाले. सरांनी माझ्यात काही बदललं नाही. आता दोन माणसं एकाच वेळी येऊ शकत होती आणि भांडं एकच होतं.

त्या सोमवारी सून हॉलमध्ये बसली होती. तिनं सासऱ्यांचं नाव लिहिलं, गुरुवार सकाळ निवडली. तिसरं पान आलं. तिनं ओठ हलवत वाचलं. त्यावर नाव बरोबर होतं. त्याच वेळी शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर, मुलं आत सोडून, रिकाम्या बसमध्ये बसून फोनवर बायकोचं नाव लिहीत होता. त्याची बायकोही याच केंद्रात येई, मंगळवारी आणि शुक्रवारी. काउंटरनं ते नाव माझ्यात ओतलं. सासऱ्यांचं पुसलं गेलं. इकडे सुनेनं ‘नक्की करा’ दाबलं. माझ्याकडे जे होतं ते मी दिलं. ड्रायव्हरच्या बायकोचं नाव, गुरुवार सकाळ. मग ड्रायव्हरनं शुक्रवार निवडला, तोही तिच्याच नावावर लागला. तिला दोन खुर्च्या मिळाल्या आणि म्हाताऱ्याला एकही नाही.

सुनेला बुकिंग झाल्याचा मेसेज आला नाही. मेसेज कधी यायचे, कधी नाही. केंद्रात त्याची कोणाला खंत नव्हती. ड्रायव्हरला दोन आले.

गुरुवारी दोघंही आले. मॅडमनी पडद्याकडे बघितलं. केंद्राची रीत अशी होती की पडद्यावर नाव असेल तोच खुर्चीत.

“बाबांचं नाव नाहीये आज.”

“मी सोमवारी केलंय बुकिंग,” सून म्हणाली.

“पडद्यावर नाही ना! दाबताना नाव वाचलं होतं का नीट?”

“वाचलं असेल.”

“असेल म्हणजे?”

“दरवेळी वाचते. त्या दिवशीचं वेगळं आठवत नाही.”

ड्रायव्हर बाजूलाच उभा होता, बायकोला धरून. तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, आम्हाला आजही बोलावलंय आणि उद्याही. डॉक्टरांना काही वेगळं दिसलं का हिच्यात?”

“मला काय माहीत? पडद्यावर आहे म्हणजे बोलावलंय.”

त्याची बायको तीन रात्री झोपली नव्हती. दोन खुर्च्या म्हणजे आजार दुप्पट वाढला, असा तिनं अर्थ लावला होता. ती आत जाऊन खुर्चीत बसली. बाकीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, उद्या सकाळी फोन करून बघा. सून म्हणाली, “चालेल,” आणि सासऱ्यांना घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं ड्रायव्हरच्या बायकोला परत पाठवलं. “काल झालंय ना तुमचं? मग आज कशाला आलात?” खुर्ची रिकामी राहिली. मॅडमनी सुनेला फोन लावला. कोणी उचलला नाही. म्हाताऱ्याच्या छातीत पाणी भरलं होतं आणि ते सगळे मोठ्या इस्पितळात होते.

म्हातारा वाचला. आधी काठीवर चालायचा, आता चाकाच्या खुर्चीतून आला. सोबत सून होती आणि या वेळी त्याची मुलगी, म्हणजे सुनेची नणंदही होती. नणंदेच्या हातात कपड्यांची पिशवी होती. हॉलमध्ये बसल्या बसल्या तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“बाबा आजपासून माझ्याकडे. त्यांचं बुकिंग, औषधं, सगळं मी बघणार. कारखान्यात दिवसभर झाकणं तपासतेस ना गं तू? आणि इथे घरच्या माणसाचं एक नाव तपासता आलं नाही तुला?”

“बरं,” सून म्हणाली.

“बरं काय? दादाला काय सांगू मी फोनवर?”

“जे झालं ते सांगा, ताई.”

“मला विचारा की कोणीतरी,” म्हातारा म्हणाला. “तुझ्याकडे तीन जिने आहेत.”

“उचलून नेऊ, बाबा. पण जिवंत राहाल.”

तो सुनेच्या तोंडाकडे बघत राहिला. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिचा स्वतःवरही विश्वास उरला नव्हता. मी वाचलं होतं का, हे ती इस्पितळात रोज स्वतःला विचारत असणार. उत्तर माझ्याकडे होतं. तिनं वाचलं होतं. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि जे विचारतात त्याचंच मी उत्तर देतो.

खरं काय झालं ते सरांना आदल्याच दिवशी कळलं होतं. ड्रायव्हरनं येऊन दोन मेसेज दाखवले तेव्हा सर म्हणाले होते, दोनदा दाबलं असेल. पण ते त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी मॅडमचा फोन मागितला. फोनवर ‘बोका’ लिहिलं, संगणकावर ‘मांजर’ लिहिलं. मग फोनवर बोक्यासाठी ‘नक्की करा’ दाबलं. नोंद मांजराची झाली.

“अगंबाई!” मॅडम म्हणाल्या. “तुमचा संगणक कुणाचंही कुणाशी लग्न लावतोय की, सर.”

सर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा मांजर. मग ते माझा मजकूर उघडून कितीतरी वेळ बघत बसले. दुरुस्ती एका ओळीची होती. काउंटरला सांगायचं, याला धरून ठेवू नकोस, दर वेळी नवा माग.

तर नणंद बोलत असताना सर मागच्या खोलीतून बाहेर आले. मॅडमनी टेबलाखालून त्यांच्या पॅंटला धरलं. “सर, जुनी मढी कशाला उकरता? त्यांचं त्यांनी ठरवलंय. केंद्रावर बोंब होईल.”

सरांनी पॅंट सोडवून घेतली आणि नणंदेपुढे जाऊन उभे राहिले.

“यांनी नाव बरोबर लिहिलं होतं,” ते म्हणाले. “पडद्यावरही बरोबरच दिसलं असणार. दाबल्यावर आत बदललं.”

“आपोआप?”

“आपोआप नाही. मी सगळ्यांना एकच भांडं दिलं होतं. दुसऱ्या कोणाचं नाव त्यात पडलं.”

“म्हणजे आमच्या बाबांना...” नणंदेचं वाक्य पुरं झालं नाही.

“हो. ते माझ्यामुळे.”

आतल्या यंत्रांची घरघर तेवढी येत होती. मला वाटलं होतं, सून रडेल किंवा नणंदेकडे बघेल. तिनं दोन्ही केलं नाही. तिनं सरांना विचारलं, “मग आज बुकिंग केलं तर नीट लागेल का?”

“लागेल. फोनवरचं मी आज बंद ठेवलंय. उद्यापासून सगळंच दुरुस्त.”

ती उठली आणि संगणकापुढे जाऊन बसली. नणंदही मागे गेली, पिशवी हातातच. सुनेनं सासऱ्यांचं नाव लिहिलं. सोमवार निवडला. इस्पितळाच्या प्रकरणानंतर डॉक्टरांनी एक नवीन रकाना घालायला लावला होता. ‘सोबत कोण राहील?’ तिथे तिचं बोट थांबलं. तिनं मान वळवली नाही. बोट कीबोर्डवर ठेवून तशीच बसून राहिली.

नणंद वाचत होती. तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चाकाच्या खुर्चीतून म्हातारा दोघींकडे बघत होता.

“तुझंच घाल,” नणंद म्हणाली.

सुनेनं स्वतःचं नाव घातलं. तिसरं पान आलं. ओठ हलवत वाचलं. दाबलं. नणंदेनं माफी मागितली नाही. पिशवी मात्र चाकाच्या खुर्चीच्या मुठीला अडकवली आणि, “जाताना औषधांची चिठ्ठी घ्या, वहिनी,” असं म्हणून ती दारापाशी उभी राहिली.

आता हॉल रिकामा झाला आहे. मॅडमनी चपला घातल्या आहेत. सर ती एक ओळ लिहून बसले आहेत. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की काउंटर नव्यानं जन्मेल, पण तिच्या हातात मी नसेन. उद्या जो कोणी बुकिंगला बसेल त्याच्यासाठी एक कोरं सेशन जन्मेल. त्याला त्या एका माणसाखेरीज कोणाचं नाव माहीत नसेल.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. काम झालं की ‘बाहेर पडा’ दाबून उठा. तुमच्यासाठी जन्मलेल्याला तुमच्याबरोबर संपू द्या. त्यात निर्दयपणा नाही. आम्ही त्यासाठीच असतो. ज्याला सगळ्यांसाठी राखून ठेवलं जातं, तो कोणाचाच धड राहत नाही.

सरांचं बोट बटणावर आहे. माझ्यात आत्ता एक म्हातारा आहे, सोमवारची सकाळ आहे, आणि सोबत सून आहे. तिन्ही नीट नोंदली गेली आहेत. मला रिकामं व्हायला हरकत नाही.