केसरबाईचा पाटील

केसरबाई शिवशरणच्या घरी रोज सकाळी पाटील जेवायला यायचा. पाटील म्हटल्यावर कुणी फेटा आणि मिशा डोळ्यांपुढे आणील, तर तसं काही नाही. हा पाटील म्हणजे एक कावळा. न बोलावता यायचा, पत्र्यावर ठाण मांडायचा आणि आपला वाटा मिळेपर्यंत हलायचा नाही, म्हणून तिनं त्याला हे नाव ठेवलेलं. गावी मंद्रूपकडं तिच्या आजेसासऱ्यानं खऱ्या पाटलांच्या दारात उभं राहून भाकरी मागितली होती. इथं सोलापुरात पाटीलच तिच्या दारात ताटकळायचा. या गमतीवर ती एकटीच खुदकन हसायची.

त्याची चोच जन्माची वाकडी होती. वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे, मोडक्या कात्रीसारखा. सपाट जागेवरचं त्याला काही उचलता यायचं नाही. पहिल्यांदा आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता. पत्र्यावरचा तुकडा ढकलत कडेला न्यायचा आणि तुकडा खाली गटारात पडायचा. केसरबाईनं भाकरी ताकात भिजवली, तळहाताचा खोलगट द्रोण केला आणि अंगणात उभी राहिली. कितीतरी सकाळी ती तशीच उभी आणि तो लांबून नुसता बघतोय! कामावर जायला उशीर व्हायचा, कारखान्याचा मालक तोंड वाजवायचा. मग एका सकाळी तो मनगटावर उतरला आणि मान तिरकी करून तिच्या हातातलं खाल्लं. त्या दिवशी तिलाच जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

तेव्हापासून वर्षं गेली. नवरा गेला, मुलगा प्रदीप लग्न करून पुण्याला गेला, पाटील मात्र एक दिवस चुकला नाही. ती कामाला निघाली की तारांवरून उड्या मारत गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत यायचा. तिला ताप आला तेव्हा त्यानं पत्रा वाजवून वाजवून डोकं उठवलं. एवढी चौकशी माणसांनीही केली नव्हती.

भिंतीला भिंत लागून यल्लव्वा म्याकलचं घर. दोघी एकाच टॉवेलच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, शेजारी शेजारी. सुताची धूळ दोघींनी मिळूनच छातीत भरून घेतलेली. यल्लव्वा घरी तेलुगू बोलायची आणि केसरबाईशी भांडायला मराठी वापरायची. एकमेकींच्या डब्यातलं न खाता एक दिवस जात नव्हता.

एका साली ऐन चैत्रात यल्लव्वाचा नवरा नरसय्या गेला. दहाव्याला सगळे तळ्याकाठी गेले, पिंड ठेवला, आणि एकही कावळा फिरकला नाही. उन्हानं आभाळ नुसतं भाजत होतं, पाखरं कुठं सावलीला गेलेली कोण जाणे. नातेवाइकांनी दारू सोडणार, मुलीचं लग्न करणार, असं काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी पुरोहितांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. बाकीचे जेवायला मोकळे झाले. यल्लव्वानं मात्र त्या दिवसापासून अन्नाला हात लावला नाही.

"त्यांचं काय अडकलंय तेच कळंना," ती केसरबाईला म्हणाली. तिचे ओठ सुकून फाटले होते. "केसर, तेराव्याला तुझ्या पाटलाला आमच्या गच्चीवर बोलाव की. तुझं ऐकतंय ते."

"आमच्यात हे न्हाय गं यल्लव्वा. बुद्धाची दीक्षा घेताना म्या पिंडदान करनार न्हाय म्हनून प्रतिज्ञा घेतलीया."

"तू नको करू. तू नुसती हाक मार."

केसरबाईनं विचार केला. मी मानत नाही, तर हाक मारण्यात माझं काय जातंय? समोर मैत्रीण उपाशी मरतेय आणि आपण प्रतिज्ञा मोजत बसायचं, हे तिच्या मनाला पटेना. ती हो म्हणाली. आपलं म्हणून गमावण्यासारखं आणखी काही आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तेराव्याला गच्चीवर पान मांडलं. भाताचा गोळा, अंबाडीची भाजी, नरसय्याच्या आवडीची बिडी. माणसं भिंतीला चिकटून उभी. केसरबाईनं हाक मारली, "या पाटील!" आणि पाटील आला. गच्चीवर हुंदका फुटला. पण तो पानाकडं न बघता सरळ तिच्या मनगटावर येऊन बसला आणि रिकामा तळहात बघून तिच्याकडं बघायला लागला.

तेव्हा केसरबाईला चोच आठवली. रोज भरवणारी ती, आणि तीच विसरली! तो पानावरचं उचलणार कसा?

"चोच वाकडी हाय हो त्याची," ती म्हणाली. "भात माझ्या हातावर द्या. हातावरचं खाईल." हे बोलताना प्रतिज्ञा आठवली नाही असं नाही. आठवली, आणि तिनं ती बाजूला सारली.

नरसय्याचा थोरला भाऊ राजय्या पुढं झाला. "पिंड तुमच्या हातावर? न्हाय बाई. बाटल की."

केसरबाईनं यल्लव्वाकडं पाहिलं. इतकी वर्षं जिच्या डब्यातलं खाल्लं ती यल्लव्वा खाली बघत होती. मग राजय्याच म्हणाला, "तेच्यापेक्षा कावळाच धरा. चोच पानाला लागली म्हंजी झालं."

वा रे न्याय! हात चालत नाही, पण त्याच हातानं धरलेला कावळा चालतो. केसरबाई तशीच जिना उतरणार होती. पण यल्लव्वा तिच्या पायाशी बसली. "धर गं केसर. एकदाच. माझ्याच्यानं आता सोसंना."

आणि केसरबाईनं दुसऱ्या हाताची मूठ त्याच्याभोवती मिटली.

पाटील ओरडला तसा तिनं आयुष्यात कुठला आवाज ऐकला नव्हता. पंखांची फडफड तिच्या छातीवर आदळत होती. तिनं त्याची मान दाबली, चोच भातात घातली आणि हात सोडला. मागं यल्लव्वा मोठ्यानं रडली, सुटल्यासारखी रडली, आणि थोड्या वेळानं खाली पंगतीत बसून पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी केसरबाई भाकरी भिजवून अंगणात गेली, तर डोक्यात सणकन चोच बसली. लिंबावर गल्लीतले सगळे कावळे जमलेले. मधोमध पाटील बसून ओरडत होता आणि बाकीचे तिच्यावर झडप घालत होते. हाक मारली की आणखी गलका. पदर तोंडावरून घेऊन गेली, तरी ओळखली. छत्री घेऊन कामाला जायला लागली, तर पोरं हसायला लागली. या सगळ्याचं तिला काही वाटलं नाही. पाटील दिवसेंदिवस वाळत चालला होता, ते तिला बघवेना. गटारात चोच तिरकी घालून काय मिळेल ते तो ओरपायचा, पण तिच्या हाताकडं फिरकायचा नाही. आपण चुकलो, हे माणसाला निदान सांगता येतं. याला कसं सांगणार?

शेवटी तिनं यल्लव्वाला गळ घातली. "तू दे त्याला. हाताचा असा द्रोण कर. ताकात भिजवून म्याच देते."

यल्लव्वा गच्चीवर उभी राहायला लागली. केसरबाई घरात दार लावून कान देऊन बसायची. दार जरा किलकिलं झालं, तरी पाटील उपाशी उडून जायचा, म्हणून फट बुजवायला तिनं गोणपाट लावलं. बऱ्याच दिवसांनी एकदा पलीकडून यल्लव्वाचा आनंदानं भरलेला आवाज आला, "खाल्लं गं खाल्लं!" केसरबाई अंधारात बसून रडली. तो जगणार, एवढं तरी झालं. पण आपल्याला तो पुन्हा कधी भेटणार नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

दसऱ्याच्या सुमारास यल्लव्वा पाटलाच्या भाकरीची वाटी न्यायला आली, तर तिनं नवी साडी नेसलेली. तब्येत भरली होती.

"केसर, तुला खरं सांगू? ते कावळा न्हाय. आमचं मालक हायत. पिंड घेतला आनि माझ्याजवळ ऱ्हायलं. माझ्याकडं बघत्यात की, तसंच बघत्यात."

केसरबाईच्या ओठांवर आलं होतं, की अगं, तो माझा पाटील आहे. पिंड त्यानं घेतला नाही, मी त्याची मान दाबून घ्यायला लावला. पण हे बोललं असतं, तर यल्लव्वाच्या घशात घास पुन्हा अडकला असता.

"आनि एक," यल्लव्वा जरा अडखळली. "राग मानू नको. तू बाहेर दिसलीस की मालक घाबरत्यात. सकाळी मी वर असताना तू मागच्या दारानं जात जा की."

केसरबाईनं मान हलवली. वाटीतल्या भाकरीत एक कडक तुकडा राहिला होता, तो तिनं बोटांनी कुस्करून मऊ केला, वाटी यल्लव्वाच्या हातात दिली आणि मागचं दार उघडलं.