नारिंगी गोटे

डोंगराच्या तीव्र उतारावरचा ओढा पुरात किती गोटे वाहून नेतो, याचं सूत्र सरांनी मांडलं होतं. सूत्र देखणं होतं. फक्त ओढ्यात ठाण मांडून बसलेल्या हत्तीएवढ्या धोंड्यांना त्यात जागा नव्हती. प्रयोगशाळेत मोजणी करणाऱ्या बाईंनी ही गोष्ट दोनदा त्यांच्या कानावर घातली. पाण्याचा जोर धोंडेच अंगावर घेतात, बारक्या गोट्यांना ढकलायला मग फारसा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि चहा संपवला.

शेवटी बाईंनी तीनशे गोटे नारिंगी रंगवले आणि धोंड्यांच्या वरच्या अंगाला ओढ्यात सोडले. सूत्राप्रमाणे त्यातले दोनशे पुरानंतर खालच्या पुलापाशी मिळायला हवे होते. मिळाले एकतीस. बाकीचे धोंड्यांच्या आडोशाला निवांत पडून होते.

सरांचं तोंड उतरलं. आठवड्याने सूत्र तपासणारी समिती ओढा बघायला येणार होती आणि समितीचे अध्यक्ष त्यांचे सासरेच होते. बाईंनी घाईत मोजलं असणार, समितीसमोर पुन्हा मोजू, असं त्यांनी जाहीर केलं.

समितीसमोर पुलापाशी बरोब्बर दोनशे गोटे निघाले. सर कृतार्थ दिसत होते. बाई मात्र एकेक गोटा उलटून पाहत होत्या. एकतीस गोट्यांचा रंग ठेचकाळून उडाला होता. उरलेले दुकानातून आत्ताच आणल्यासारखे चकचकीत, वर ओळीने मांडलेले.

सरांचा मेव्हणा गाडीला टेकून कंबर चोळत उभा होता. कंबरेला काय झालं, एवढंच बाईंनी विचारलं. माणूस सरळ. तो सरांकडे वळून म्हणाला, "दाजी, पुढच्या खेपेला जरा लहान गोटे रंगवायला सांगा."

सासऱ्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

बाईंनी अहवालात लिहिलं : 'पुलापर्यंत गेलेले गोटे दोनशे. पैकी पाण्याने नेलेले एकतीस, मेव्हण्याने एकशे एकोणसत्तर.' सरांनी 'मेव्हण्याने' खोडून 'अन्य स्थानिक घटकांनी' असं केलं. सासऱ्यांनी तेही खोडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मेव्हण्याने, जावयाच्या सांगण्यावरून.'

आता सरांच्या सूत्रात धोंडे आले आहेत. परिषदांमधून ते हा आपला शोध म्हणून रंगवून सांगतात. छापील निबंधाच्या शेवटी बाईंचे आभारही आहेत, 'रंगकामाबद्दल'. बाईंनी ते वाचलं आणि पुढच्या वर्षीची मोजणी स्वतःच्या नावावर मागितली. सासऱ्यांनी अर्जावर उभ्याउभ्याच सही केली.