उतरलेली तार

म्हातारबुवांनी जावयावर विश्वास ठेवला तो एकदाच, लग्नाच्या दिवशी, आणि तोही मुलीने डोळे वटारले म्हणून. आता त्याच जावयाच्या तळघरातल्या स्टुडिओत त्यांचा अल्बम होत होता. गिटार आणि गळा बुवांचा, जन्मभर वाजवलेला ब्लूज. ड्रम मुलीचे, धडाधडा रॉक. यंत्रांपाशी जावई. बुवांच्या बोटांचे सांधे धरू लागले होते. यानंतर दुसरा अल्बम होणार नाही हे ते जाणून होते, म्हणून निदान या अल्बमवर हात आपलाच हवा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि नेमकं तिथंच पाणी मुरत होतं. पहिलं गाणं ऐकवलं तेव्हा गिटार अशी खरखरीत, दांडगी वाजली की बुवांना ती परक्याची वाटली. “तुमचीच आहे, फक्त अँप्लिफायर आवाज फाटेपर्यंत चढवलाय,” जावई म्हणाला. हा पठ्ठ्या स्वतः बऱ्यापैकी गिटार वाजवायचा, आणि बुवा घरी गेले की दार लावून आत बसायचा. कशाला? म्हाताऱ्याची अडखळणारी बोटं पुसून आपली डकवायला, दुसरं काय! बुवांच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

मग त्यांनी सापळा लावला. संथ गाण्याच्या रेकॉर्डिंगआधी, कुणी बघत नाही असं पाहून, खुंटी किंचित सैल केली आणि दुसरी तार केसभर उतरवली. गाण्यातली सगळी करामत त्याच तारेवर होती. ड्रमच्या दणदणाटात हेडफोनमधून त्यांना स्वतःची गिटार धड ऐकूही येत नव्हती, पण त्याची फिकीर नव्हती. तयार गाण्यात तार बेसूर निघाली तर हात आपला. सुरात निघाली तर चोर सापडला.

त्यानंतर नवरा-बायकोची कुजबुज सुरू झाली. बुवा खोलीत शिरले की दोघं गप्प. मुलगी त्यांच्याकडे उगाच मायेने बघायची, आणि त्यामुळे तर बुवांचं पित्त खवळायचं.

गाणं तयार झालं. बुवांनी डोळे मिटून ऐकलं. दुसरी तार सुरात, अगदी लख्ख. ते उठले आणि गिटार पेटीत ठेवू लागले.

“जावईबापू, छान वाजवता,” ते म्हणाले. “अल्बमवर तुमचंच नाव घाला. माझं नको.”

“बाबा, काय बोलताय?” मुलीने विचारलं.

“ही बोटं माझी नाहीत. विचार तुझ्या नवऱ्याला.”

जावयाने न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग काढलं, त्यातले ड्रम बंद केले, गाणारा आवाज बंद केला आणि नुसती गिटार लावली. आधी बुवांचं खाकरणं ऐकू आलं, मग टाचेचा ठेका, मग तार. आता बुवांनी नीट कान दिला. प्रत्येक सुरावर बोट तारेला नेहमीपेक्षा थोडं जास्त ढकलत होतं, उतरलेली तार ओढून सुरात आणत होतं. ब्लूजमध्ये तारा ओढण्यातच हयात गेलेली. बोटाने मालकाला न विचारता आपलं काम चोख केलं होतं. अगदी शेवटी मात्र बुवांनी सवयीने सगळ्या मोकळ्या तारांवरून हात फिरवला होता. तिथे बोटाचा आधार नव्हता, आणि दुसरी तार केविलवाणी बेसूर वाजली. तयार गाण्यातून तेवढाच तुकडा कापला होता.

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हे ऐकलं आणि आम्ही दोघं घाबरलो,” जावई खाली बघत म्हणाला. “वाटलं, तुमचा कान गेला. तुम्हाला सांगायचं कसं, तेच कळेना.”

मुलगी जवळ येऊन बसली. “बाबा, खरंच ऐकू येत नाही का? आपण डॉक्टरकडे जाऊ या.”

सुटायची वाट समोर होती. नुसतं हो म्हटलं असतं तर सापळ्याचं कुणाला कधीच कळलं नसतं. पण ही दोघं दाराआड बसून आपल्या काळजीने झुरत होती, याची बुवांना फार लाज वाटली.

“कान शाबूत आहे,” ते म्हणाले. “तार मीच उतरवली होती. यांची चोरी पकडायला.”

मुलगी उठली आणि ड्रमपाशी जाऊन पाठ फिरवून बसली. जावई बाहीने यंत्रांची बटणं पुसत राहिला.

“तो तुकडा कापलेलाच ठेवतो,” शेवटी तो म्हणाला.

“नको. लावा परत.”

“लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा कान गेला.”

“म्हणू देत,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी गिटार पेटीतून पुन्हा बाहेर काढली.