लंकाबाईची दोरी आणि चाकाची धाव

लंकाबाईचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. शेजारणीनं वाटीभर पीठ परत केलं तरी ती आधी चिमटीत घेऊन बघायची.

बहात्तर साली पाऊस दडी मारून बसला. लाकूड वाळून आकसलं आणि तिच्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल होऊन खुळखुळू लागली. उद्या पहाटे गावातल्या सगळ्या गाड्या ऊसतोडीला बेलापूरच्या साखर कारखान्याकडे निघणार होत्या. गाडी नाही तर काम नाही आणि काम नाही तर भाकर नाही. म्हणून ती आणि तिचा नवरा आसाराम मच्छिंद्र लोहाराकडे आले.

मच्छिंद्रनं धावेचा तीन बोटांचा तुकडा कापून काढला आणि टोकं तापवून, ठोकून पुन्हा जोडली. लंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिनं दोरी घेतली, बाहेरून चाक मापलं, आतून धाव मापली. धाव बोटभर आखूड भरली.

"मच्छिंद्रा, माजं लोखंड चोरलंस तू," ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की समोरच्या पारावर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. "चोर हायेस. ही धाव चाकावर बसायचीच न्हाई."

मच्छिंद्रचं तोंड उतरलं. "काकी, घडीभर दम धरा. न्हाई बसली तर माजा हातोडा बी घिऊन जावा."

त्यानं धावेभोवती गोवऱ्या रचून पेटवल्या. धाव लालबुंद झाली. मग त्यानं आणि आसारामनं लांब सांडशींनी ती उचलली आणि आडव्या चाकावर ठेवली. ती अलगद खाली उतरली.

लंकाबाईचा संशय मिटायचा सोडून दुप्पट झाला. मघाशी आखूड, आता ऐसपैस? हा काय चेटूक करतो की काय?

"आता सैल केलीस व्हय रं? पहिल्याच उताराला गळून पडंल."

"लोखंड तापलं की फुगतं, काकी. गार झालं की परत आकसतं. म्हनून तर आखूड केली. काका, वता पानी."

आसारामनं घागर ओतली. चर्र आवाज झाला, वाफ उठली. धाव आवळत गेली तशी चाकाची लाकडं करकरली आणि एकमेकांत घट्ट बसली. लंकाबाईनं फटीत विळ्याचं टोक घालून पाहिलं. फटच उरली नव्हती. तिनं चाक उभं करून आपटलं, पण ते खुळखुळलं नाही. तिला हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"चुकलं माजं," ती पुटपुटली.

मच्छिंद्र खाली मान घालून हातोडा पुसत राहिला. पारावरची माणसं अजून त्याच्याकडेच बघत होती. लंकाबाईनं ते पाहिलं. चोर म्हणाली ते अख्ख्या गावानं ऐकलं होतं, आणि चुकलं म्हणाली ते धड नवऱ्यालाही ऐकू गेलं नव्हतं.

तिनं पदर खोचला, पाराकडे तोंड केलं आणि मघाच्याच आवाजात म्हणाली, "ऐका समदे. मच्छिंद्र चोर न्हाई. येडी मी हाय."

तेव्हा कुठे मच्छिंद्रनं मान वर केली.