झोपलेला हात

लस घेतली त्या आठवड्यात माझा डावा हात झोपला. तो अजून उठलेला नाही.

आधी बोटांची टोकं गेली, मग तळवा. दुखत नाही, सुजत नाही, पाण्याखाली धरल्यासारखा असतो. मी पडदे शिवते. पांढरं जाळीचं कापड दिवसभर मशीनवरून ओघळतं, खिडकीतलं ऊन त्यात शिरतं, आणि दुपारी सगळा कारखानाच तळ्यात बुडाल्यासारखा दिसतो. त्या तळ्यात माझा हात कापडावरून सरकतो आणि मी नुसती बघते. वाटतं, शेजारी बसून दुसरीच कुणी शिवतेय. कधी स्वप्नात तो हात परक्या घरी असतो, तिथल्या बाईची भांडी घासतो, आणि तिला गरम-गार सगळं कळतं.

डॉक्टरला सांगितलं. कॉम्प्युटरमधून मान वर न काढता त्याने विचारलं, घरी काही टेन्शन आहे का? घरी नव्हतं, समोरच्या खुर्चीत बसलं होतं. नवरा म्हणाला, डोक्यातून काढ. सासूबाई म्हणाल्या, कामचुकारपणाला बरं निमित्त मिळालं. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट तेवढा धावत आला. माझं वाक्य संपायच्या आत त्याला सगळं पटलं. लस म्हणजे विषच, म्हणे, आणि लागला व्हिडिओसाठी मोबाईल रोखायला. त्याला जिन्यापर्यंत हाकलला. माझ्या दोन्ही पोरांना मी सगळ्या लशी टोचल्यात, राहिलेल्याही टोचेन. मला विषाची गोष्ट सांगायची नव्हती. माझ्या हाताची सांगायची होती.

या लोकांचं मला सोयरसुतक नाही. राग होता ताईचा. आई गेल्यावर माझं नाक पुसलं, वेण्या घातल्या, त्या तिने. ती नर्स आहे. लसीची सुईही तिनेच टोचली होती. तिला सांगायला गेले तर म्हणाली, एवढ्या लोकांना टोचलं मी, कुणाला काही झालं नाही, तूच काय ती नाजूक राजकन्या. तेव्हापासून फोनवर आम्ही फक्त पोरांच्या सर्दीवर बोलायचो. मनात मात्र तिच्याशी रोज भांडायचे, आणि तिथेही तीच जिंकायची.

परवा दुपारी पांढऱ्या पडद्यावर लाल फुलं उमलायला लागली. छान बारीक फुलं. हे छापील कापड कुणी दिलं, असा विचार करत मी टीप पुढे नेत राहिले. मास्तर ओरडत आला, कापडाची वाट लावलीस म्हणून. मग त्याने माझं बोट बघितलं आणि मशीन बंद केलं. बोटाच्या कडेतून सुई गेली होती. दोरा आरपार ओवलेला, बोट पडद्याला शिवलेलं.

त्याने पडद्याचा तुकडा कापला आणि मला ताईच्या दवाखान्यात नेलं. तिने हातमोजे चढवले. लहान पोरांना सांगतात तसं म्हणाली, "भिंतीकडे बघ."

मी बघितलं. भिंत पांढरी होती, जरा वेळाने ती पडद्यासारखी हलायला लागली. बराच वेळ गेला.

"ताई, काढ ना."

"काढला."

वळून बघितलं तर दोरा तिच्या चिमट्यात. तिने माझी हनुवटी धरून तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, आता टोचेन तिथे सांग. मी वाट बघत राहिले. कुठून काही आलंच नाही. ट्रेमध्ये सुई ठेवल्याचा आवाज मात्र आला.

"कशाने झालं मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "लसीने असेल, नसेल. पण हात तुझा खरंच गेलाय. मी बघायला हवं होतं."

बाहेर रांग होती. ताईने दार लोटलं, स्टूल ओढलं. मोठ्या डॉक्टरकडे ती सोबत येणार होती, तो मान वर करीपर्यंत दोघींनी उठायचं नाही असं ठरलं.

"आता पहिल्यापासून सांग."

मी चहाच्या कपापासून सुरुवात केली, हातात धरलेला आणि गरम न लागलेला. ती मध्ये एकदाही बोलली नाही. सांगता सांगता सहज खाली नजर गेली. तिने माझा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. कधीपासून, कोण जाणे.