पेवाच्या पोटातला श्वास

मित्रांनो, मी एक जुनं पेव आहे. आता 'पेव म्हणजे काय हो?' असं विचारू नका, मला राग येतो! कुठं काही उदंड झालं की तुम्हीच म्हणता ना, 'अमक्याचं पेव फुटलं' म्हणून? शब्द रोज तोंडात, आणि तो ज्याच्यावरून आला त्याची ओळखदेख नाही. बरं, असू द्या. आज मी खुशीत आहे, म्हणून सांगतो.

बेंबळीच्या शिवेला लागून एक लहानसं गाव आहे. त्या गावात, एका लिंबाच्या झाडाखाली, जमिनीच्या पोटात मी राहतो. वरून पाहाल तर नुसती एक दगडी फरशी दिसेल. फरशी उचलली की माझा गळा लागतो. एक माणूस अंग चोरून उतरेल एवढाच तो अरुंद आहे. पोट मात्र ऐसपैस! घागर गळ्यापर्यंत जमिनीत पुरावी, तसा माझा घाट.

मला खणलं बलभीमअण्णांनी. घट्ट मुरमात त्यांनी कितीतरी दिवस टिकाव चालवला. मग आतून शेणामातीनं लिंपलं आणि गोवऱ्या पेटवून मला खडखडीत वाळवलं. भिंतींना कडबा लावला आणि पोत्यांमागून पोती ज्वारी ओतली. वर पुन्हा कडबा, त्यावर फरशी, फरशीच्या कडेनं ओला चिखल. झालं, तोंड बंद! दुष्काळात ते तोंड उघडलं की ज्वारी अशी निघायची, जणू काल मळली. ना किडा, ना सोंडा. लोक अण्णांना म्हणायचे, "बलभीमा, तुजं पेव न्हाय, लक्षुमी हाय." ते ऐकून मी फुलून यायचो.

आणि मग पत्र्याच्या कोठ्या आल्या. औषधाच्या गोळ्या आल्या. अण्णा गेले. माझ्या फरशीवर कधी वासरू बांधलं गेलं, कधी मोटारसायकल उभी राहिली. पलीकडच्या आळीतलं माझं भावंड तर त्याआधीच गेलं होतं. त्याच्यात एक माणूस घाईनं उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. लोकांनी दगडगोटे टाकून ते पेवच बुजवून टाकलं. त्याचा काही गुन्हा होता का? पण 'पेवानं माणूस खाल्ला' हे नाव त्याच्या कपाळी लागलं ते लागलंच. 

माझे दिवस पालटले ते अण्णांच्या नातवामुळं, श्रीनाथमुळं. दरवर्षी कोठीतल्या ज्वारीत सोंडे व्हायचे आणि गोळ्या टाकलेलं धान्य लेकरांना घालायचं त्याच्या जिवावर यायचं. एक दिवस तो फरशीवर पाय आपटून म्हणाला, "ह्या साली ज्वारी पेवात!"

शेजारचा दुकानदार गौरीशंकर खो खो हसला. "अय्यय्यो! श्रीनाथराव, कुजून चिखल हुईल त्याचा. ज्वारी चांगली निगाली तर म्या भर बाजारात ही मिशी उतरवतो, बघा!"

गौरीशंकरची मिशी म्हणजे साधीसुधी नव्हे. तिला तो रोज तेल लावायचा. पैज लागली आणि उन्हाळ्यात माझं अर्धं पोट पिवळ्याधमक ज्वारीनं भरलं. काय सांगू त्या दिवसाचा आनंद!

आता खरी गंमत ऐका. श्रीनाथची बायको राजेश्वरी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. लिंबाच्या सावलीत, थेट माझ्या फरशीवर बसून! एके दिवशी तिनं धडा काढला श्वसनाचा.

"श्वास आत घेतला, बाहेर सोडला, की श्वसन झालं असं समजू नका," ती म्हणाली. "ते तर नुसतं दार उघडणं झालं. खरं काम पेशीच्या आत चालतं. तुम्ही भाकरी खाल्ली. पोटात तिचं ग्लुकोज झालं. रक्तानं ते पेशीच्या दारात नेऊन सोडलं. पेशीत तंतुकणिका असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चुलीच म्हणा. तिथं ऑक्सिजनच्या मदतीनं ग्लुकोजमधली ऊर्जा मोकळी होते. मागं राहतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. चुलीत लाकूड एकदम भडकतं. पेशी मात्र तेच काम पायरीपायरीनं करते, म्हणून आपण जळत नाही, नुसते कोमट राहतो."

"मॅडम, ऑक्सिजनच नसला तर?" एका पोरीनं विचारलं.

"मग काही पेशी ग्लुकोज अर्धवटच मोडतात आणि ऊर्जा अगदी थोडी मिळते. धिरड्याचं पीठ आंबतं ते त्यातलंच. पण आपल्या मेंदूला तेवढ्यावर भागत नाही. तो मिनिटांत बंद पडायला लागतो. आणि बरं का, श्वसन फक्त माणसं करत नाहीत. झाडं करतात, किडे करतात, ज्वारीचा दाणासुद्धा करतो. वाळलेला दिसतो, पण त्याच्या आत कोंब झोपलेला असतो. झोपलेलाही श्वास घेतोच की!"

मित्रांनो, मी फरशीखाली उडालोच म्हणा! म्हणजे इतकी वर्षं माझ्या पोटात नुसतं धान्य नव्हतं? तो जिवंत जीवांचा मेळाच होता! दाणा दाणा हळूहळू माझ्यातला ऑक्सिजन वापरत होता आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होता. कडब्यातून चुकून आलेले सोंडेही तेच करत होते. तोंड बंद, नवी हवा यायची कुठून? ऑक्सिजन संपत आला की सोंडे मरत होते आणि दाणा आणखी गाढ झोपत होता. म्हणून ज्वारी टिकायची! लोक मला लक्षुमी म्हणायचे, पण कारभार सगळा त्या श्वासाचा होता. मला त्या दिवशी माझीच नव्यानं ओळख झाली.

पण त्या आनंदात एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नाही. दाण्याला झोपवणारी तीच हवा माणसालाही झोपवते. आणि दाणा पुन्हा उठतो, माणूस उठत नाही.

पेव उघडायचा दिवस ठरला. सगळी आळी लिंबाखाली जमली. लोहाऱ्याहून श्रीनाथची आत्या, कडूबाई, यायची होती. बलभीमअण्णांची ती लेक, माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. पण तिची जीप काही येईना आणि श्रीनाथला काही दम निघेना. पहारी लागल्या, चिखल फुटला आणि फरशी सरकली. कितीतरी महिन्यांनी माझ्या गळ्यात ऊन उतरलं!

"थांब," राजेश्वरी म्हणाली, "आत्या सांगत असतात, उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. इझला तर उतरायचं न्हाय."

"आता कंदील कुठनं आणू? घरात राकेलची चिमणीसुदिक न्हाय," श्रीनाथ म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "अगं, उजेडच सोडायचा ना?"

आणि त्यानं काय केलं असेल? मोबाईलची बॅटरी लावली, मोबाईल दोरीला बांधला आणि सोडला माझ्या पोटात!

मोबाईल खाली आला. झगझगीत! माझ्या भिंती, कडबा, ज्वारी, सगळं लख्ख दिसायला लागलं. वरून सगळे ओरडले, "इझला न्हाय! इझला न्हाय!" टाळ्या वाजल्या. मी मात्र हादरून गेलो. अरे बाबांनो, कंदिलाच्या ज्योतीला ऑक्सिजन लागतो, तुमच्यासारखाच! म्हणून ती खाली सोडायची. या मोबाईलला कुठं हवेची भूक आहे? तो विहिरीच्या तळाशीही पेटून राहील! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. पण पेवाला तोंड असलं तरी बोली नसते.

शिडी उतरली. रिवाजाप्रमाणं श्रीनाथनं कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक गौरीशंकर आणि दोन गडी धरून उभे राहिले. एक पायरी, दुसरी पायरी. त्याचं डोकं माझ्या गळ्याखाली गेलं. पाय तर त्या जड, गाढ हवेत केव्हाच बुडाले होते. आणखी दोन पायऱ्या, की डोकंही तिथंच जाणार होतं. मला पलीकडच्या आळीतले ते दगडगोटे दिसायला लागले. पण खरं सांगतो, मला माझं बुजणं नको होतं, त्याहून जास्त हे पोर जायला नको होतं.

तेवढ्यात गलका झाला. "आत्या आल्या, आत्या आल्या!"

कडूबाई पिशवी घेऊन लगबगीनं आली. "उजेड सोडला हुता का रं?"

"व्हय आत्या, सोडला. झगझगीत हाय अजून," वरून कोणीतरी सांगितलं. तिचं समाधान झालं. ज्यानं त्यानं मनातल्या मनात आपला आपला दिवा पाहिला! पण दुसऱ्याच क्षणी ती कडाडली, "आन् पूजा? माझ्या बापाचं पेव बिनपूजेचं उघाडलंत? श्रीनाथ, हाय तिथंच थांब. कापूर दावल्याबिगर दाण्याला पाय लावायचा न्हाय!"

श्रीनाथ शिडीवर थांबला. "लवकर करा आत्या," तो म्हणाला, "आत लई कोंदट झालंय."

कडूबाईनं पिशवीतून ताटली काढली. हळदकुंकू वाहिलं, कापूर पेटवला, ताटली बादलीत ठेवली आणि बादली श्रीनाथच्या कडेनं खाली सोडली. पिवळी ज्योत त्याच्या चेहऱ्यावरून गेली, छातीवरून गेली. कमरेशी आली आणि चिमटीत धरल्यासारखी विझली.

"वारा असंल," गौरीशंकर म्हणाला. बादली वर घेतली, पुन्हा कापूर पेटवला, पुन्हा सोडली. या वेळी ती छातीशीच विझली.

 कडूबाईनं पदर तोंडाशी नेला. "पेव रुसलं गं बाई."

"आत्या," खालून श्रीनाथचा आवाज आला, जड, लांबून आल्यासारखा, "माझं डोकं... गरगरतंय..."

राजेश्वरी मात्र त्या ताटलीकडं बघत होती. आपणच शिकवलेला धडा तिच्या अंगावर वीज पडावी तसा आला. "रुसलं न्हाय आत्या! ज्योतीला हवाच मिळंना खाली! मोबाईलला हवा लागत न्हाय, मानसाला लागती! ओढा! दोर ओढा!"

तिनं स्वतः दोराला हात घातला. गौरीशंकर, दोन गडी, कडूबाई, सगळ्यांनी एकदम हिसका दिला. श्रीनाथचे पाय शिडीवरून सुटले होते. तो पोत्यासारखा वर गेला, खांदे माझ्या गळ्याला खरचटले आणि तो लिंबाखाली पडला. चेहरा काळवंडलेला, ओठ निळसर.

मग तो श्वास आला. मोठा, खरखरीत, अख्खा छातीचा भाता उघडून. आणि काय सांगू मित्रांनो! मला वाटलं, त्याच्या अंगातल्या कोट्यवधी बारीक चुली पुन्हा पेटलेल्या मला दिसतायत. पायाच्या, हाताच्या, मेंदूच्या! दुसरा श्वास, तिसरा. गालावर रंग आला. त्यानं डोळे उघडले आणि पहिलं काय बोलला असेल?

"ज्वारी चांगली हाय व्हय?"

राजेश्वरी रडत होती ती त्यातच हसायला लागली. कडूबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या जिवात जीव आला.

त्या दिवशी मला तसंच उघडं ठेवलं. वरूनच बादल्या सोडून हवा ढवळली. दुसऱ्या दिवशी कडूबाईनं पणती पेटवून सोडली. ती माझ्या गळ्याशी आली, पोटाशी आली, तळाशी ज्वारीवर टेकली आणि तेवत राहिली. तरीही दोर बांधून, वर माणसं उभी करूनच श्रीनाथ उतरला. भिंतीकडेची मूठभर ज्वारी ओल लागून आंबली होती, तेवढीच. बाकी सगळी ठणठणीत निघाली. एकही जिवंत सोंडा नाही! कडूबाईनं त्यातली मूठभर ओल्या फडक्यात बांधली. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर आत पांढरे कोंब. झोपलेले उठले होते!

गौरीशंकरनं मिशी उतरवली, पण बाजारात नव्हे. दोर ओढतानाच त्यानं सिद्धेश्वराला बोलून टाकलं होतं, पोरगा वाचू दे, मिशी वाहीन म्हणून. आता तो दुकानात बिनमिशीचा बसतो आणि कोणी हसलं तर म्हणतो, "हसा, हसा. श्रीनाथबी हसतोय न्हवं, मग झालं!"

लिंबाच्या फांदीला आता एक कंदील टांगलाय. श्रीनाथनं भूमच्या बाजारातून शोधून आणलाय. राजेश्वरी श्वसनाचा धडा घेते तेव्हा आधी तो खाली उतरवून पेटवते आणि मुलांना म्हणते, "हा बघा, हासुद्धा तुमच्यासारखाच श्वास घेतो."

मित्रांनो, जुन्या रिवाजांना हसू नका आणि ते आंधळेपणानं पाळूही नका. त्यांच्यात काय जपून ठेवलंय ते आधी विचारा. आणि कधी एखाद्या पेवाच्या, आडाच्या, बंद टाकीच्या तोंडाशी उभे राहिलात, तर लेकरांनो, आत उतरू नका. मोठ्या, जाणत्या माणसाला हाक मारा. आमच्या पोटात काय साचलंय ते आम्हाला सांगता येत नाही. मला सांगता आलं असतं तर त्या दिवशी मी एकच शब्द ओरडलो असतो.

थांब.