वांक

शनिवारी दुपारी पावणेतीनला दगा भामरेने बायकोच्या डोक्यात टेम्पोच्या चाकाचा पाना घातला. तारा गॅसजवळ बसून भाकरी थापत होती. पहिला घाव कानामागे बसला, दुसरा तिने आडव्या धरलेल्या हातावर. परात उलटली. पिठात रक्त पडले आणि तिथेच गोळा होऊन राहिले.

"फ्रिजना प्लग कोणी काढा?" दगा ओरडला. "बोल! कोणी काढा?"

"मी हात बी लावा नही."

"भिखुभाईनी सांगं माले. फोनवर सांगं."

खाटेवरून त्याची आई धुरपदाबाई उठायला गेली, पण पायाची जखम टेकताच मागे पडली. "दगा!" ती एवढेच म्हणाली. त्याने तिसऱ्यांदा पाना उचलला तेव्हा शेजारची सुवर्णा दारात आली होती. दगाने तिच्याकडे पाहिले, पाना भिंतीवर फेकला. गिलाव्याचा पोपडा खाटेशेजारच्या फ्रिजवर पडला.

फ्रिज पेटीएवढा होता, सहलीला गाडीत न्यायचा, बारा व्होल्टचा. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका कारखान्याच्या साहेबाने टाकायला काढला, तो दगाने टेम्पोत घालून गोडादऱ्याला घरी आणला. एका खोलीत मोठा फ्रिज मावत नव्हता आणि धुरपदाबाईचे इन्सुलिन मे महिन्यात माठाशेजारी ठेवून भागत नव्हते. टेम्पोची जुनी बॅटरी त्याने गॅलरीत मांडली, तिला चार्जर लावला, आणि तिथून खाटेपर्यंत गणपतीच्या मांडवातली उरलेली स्पीकरची वायर ओढली. जिथे ती अपुरी पडली तिथे जोड देऊन हिरवी टेप गुंडाळली. फ्रिज सुरू झाला, त्या दिवशी त्याने गल्लीत सगळ्यांना थंड पाणी पाजले.

आठवड्याने फ्रिज बंद पडू लागला. मोटर घरघर करायची, लाल दिवा लुकलुकायचा, की गप्प. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू. दगाने चार्जर बदलला, आणि जुना ज्याने दिला होता त्या दुकानदाराची कॉलर धरली. फ्यूज बदलला. मग घरमालकाचा भाचा लाइट खाली-वर करतो असे त्याच्या मनाने घेतले. त्या भांडणात भाच्याचा दात पडला. फॉल्ट म्हटला की दगाला त्यामागे कोणीतरी उभा दिसायचा. गुरुवारी इन्सुलिनची बाटली हाताला कोमट लागली. त्याच संध्याकाळी धुरपदाबाईला घेरी आली. आईला डॉक्टरकडे घेऊन जाताना दगा रिक्षात लहान मुलासारखा रडला, असे सुवर्णा नंतर सांगत होती.

शनिवारी सकाळी गाड्यांची वायरिंग करणारा भिखुभाई घरी येऊन फ्रिज तपासून गेला. दगा तेव्हा इच्छापोरला माल उतरवत होता. ताराने भिखुभाईला चहा दिला. धुरपदाबाई तिला दोन-तीनदा नावाने हाका मारत होती, ते भिखुभाईने ऐकले असणार, तिचे नाव त्याला कळले असणार, असे दगा नंतर धरून चालला. दुपारी कारखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटात दगाने एका कानात बोट घालून फोन घेतला.

"फ्रिजनो कंई वांक नथी, दगाभाई," भिखुभाई म्हणाला. "बधो वांक तारनो छे. सांजे आवुं छुं."

वांक म्हणजे दोष, बधो म्हणजे सगळा. दगा सुरतेत जन्मला नसला तरी एवढी गुजराती त्याला येत होती. वायरला तो वायरच म्हणायचा, गोडादऱ्यातले सगळेच म्हणतात. त्याने पुन्हा विचारले नाही. माल अर्धा उतरलेला टाकून तो घरी आला.

सुवर्णाने ताराला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले. दगा जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. बायका त्याला ओलांडून वर-खाली करत होत्या. 

संध्याकाळी भिखुभाई खांद्यावर जाड वायरचे वेटोळे घेऊन आला.

"बेन क्यां गयां?" त्याने ताराबद्दल विचारले.

दगाने सरकून त्याला वाट दिली. तो खोलीत गेला. जमीन तोवर पुसली होती. त्याने जुनी वायर काढली, नवी लावली. मोटर घरघरली आणि या वेळी थांबली नाही. दिवा हिरवा झाला. भिखुभाईने जुन्या वायरवरची टेप नखाने सोलली. आतला जोड काळा पडून वितळला होता.

"आ जुओ. पातळ तार, एमां काचो सांधो. मोटर चालु थाय त्यारे पॉवर पहोंचे ज नहीं. फोनमां कह्युं'तुं ने, तारनो वांक."

दगा दारात उभा होता. "फिरी बोला."

"तारनो."

"ताराचा?"

"अरे, तार. वायर!" भिखुभाई हसला. मग हातातला जोड उजेडाकडे धरून म्हणाला, "पण आ सांधो कया गधेडाए मार्यो?"

"त्यानीच," खाटेवरून धुरपदाबाई म्हणाली.

रात्री पोलीस येऊन दगाला घेऊन गेले.  जाताना त्याने फ्रिजचे झाकण दाबून पाहिले.

रविवारी सकाळी जबाब घ्यायला एक गुजराती जमादार वॉर्डात आला. ताराच्या डोक्याला पट्टी होती, हात प्लास्टरमध्ये. सुवर्णा तिला चमच्याने चहा पाजत होती.

"तमारो घरवाळो तो रडे छे," जमादार म्हणाला. "के' छे, एनाथी भूल थई गई. वांक तारनो हतो."

सुवर्णाचा चमचा थांबला. "कोणाचा?"

"तारनो. वायरनो. समजफेर थयो, एम के' छे." त्याने पेनाचे टोपण काढले. "तो लखी दउं, बेन? समाधान?" तडजोड झाली असे लिहू का, असे तो विचारत होता.

ताराने चांगल्या हाताने चमचा बाजूला सारला.

"मंग पाना बी तारनीच उचला का, साहेब?"

जमादाराला अहिराणी कळत होती की नाही, सांगता येत नाही. त्याने पेन कागदावर टेकवले होते, ते उचलले.

"तो कोणे?" पाना मग कोणी उचलला, ते त्याला हवे होते.

ताराने डोळे मिटले. नर्सने जमादाराला बाहेर जायला सांगितले.

सोमवारी दुपारपर्यंत जबाब पूर्ण झालेला नव्हता. तारा वॉर्डातच आहे, दगा चौकीत. धुरपदाबाईला इंजेक्शन द्यायला सुवर्णा सकाळ-संध्याकाळ त्या खोलीत जाते. नवी वायर लावल्यापासून फ्रिज एकदाही बंद पडलेला नाही.